पेंटबॉल मार्करला तेल घालावे की ग्रीस लावावे?

प्रश्न

माझ्याकडे दोन पेंटबॉल मार्कर, म्हणजे खेळात रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका आहेत. एक साधा यांत्रिक, ब्लोबॅक पद्धतीचा आहे, तर दुसरा स्पूल व्हॉल्व्ह असलेला इलेक्ट्रॉनिक. पहिल्याच्या माहितीपुस्तिकेत तेलाचे थेंब सोडण्यास सांगितले आहे. दुसऱ्याच्या पुस्तिकेत मात्र केवळ ग्रीसचा उल्लेख आहे. दाबाखालील वायूने ०.६८ इंच व्यासाची गोळी फेकणे हेच दोघांचे काम असताना हा फरक का? गंजलेले स्क्रू सोडवण्याचा फवारा दोन्हींना चालेल का, हेही कृपया सांगावे.

उत्तर १

दोन्ही पुस्तिका बरोबर आहेत. ब्लोबॅक मार्करमध्ये स्प्रिंगच्या जोराने हॅमर पुढे जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो आणि सुटलेल्या वायूचा काही भाग त्याला पुन्हा मागे ढकलतो, त्यामुळे पातळ तेल वायूबरोबरच आत पसरते. म्हणून वायूचा सिलिंडर जिथे जोडतात त्या अडॅप्टरमध्ये तेलाचे मोजके थेंब सोडून, सिलिंडर लावून, गोळ्या न भरता काही वेळा चाप ओढावा. स्पूल व्हॉल्व्हमध्ये बोल्ट, म्हणजे गोळी पुढे ढकलणारा सरकता भाग, हाच व्हॉल्व्हचे काम करतो. त्यावरील ओ-रिंगना (वायू अडवणाऱ्या गोल रबरी कड्यांना) दाबही अडवायचा असतो आणि सतत सरकतही राहायचे असते. तिथे पातळ तेल टिकत नाही, ग्रीस टिकते. रिंग चमकेल एवढाच थर पुरे. ग्रीस जास्त झाले की बोल्ट जड होतो, आणि थंड हवेत, विशेषतः मार्कर काही वेळ न वापरल्यानंतर, पहिली गोळी मंद जाऊ शकते.

फवारा कोणत्याही मार्करमध्ये वापरू नये. त्यातील द्रावक आधीचे वंगण धुऊन काढतात आणि काही प्रकारच्या सीलना फुगवतात.

उत्तर २

वरील उत्तराला एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. उच्चदाब हवेच्या सिलिंडरच्या भरण्याच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, कारण हवा वेगाने भरताना दाबामुळे ती तापते आणि तेलाचा अंश पेट घेऊ शकतो. मार्कर उघडण्यापूर्वी गॉगल घालून गोळ्या काढाव्यात, सिलिंडर सोडवावा आणि आत अडकलेला वायू सुरक्षित दिशेला चाप ओढून बाहेर काढावा. बॅरलमध्ये वंगण नकोच. तेलकट बॅरलमधून गोळ्या सरळ जात नाहीत. गोळीचे कवच जिलेटिनचे असते आणि आतील रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे कोमट पाण्याने ओलसर केलेले कापड पुरेसे आहे. सर्किट बोर्डाजवळ पाणी जाऊ देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. इलेक्ट्रॉनिक मार्करमधून हवा सुटल्याचा बारीक आवाज येतो. ग्रीस लावून तो थांबेल का?

उत्तर ३

आवाज कुठून येतो ते आधी पाहावे. तो सिलिंडरच्या जोडावरून येत असेल तर सिलिंडरच्या तोंडावरील ओ-रिंग बदलावी. ती स्वस्त असते आणि सर्वांत लवकर खराब होते. हवा बॅरलमधून सुटत असेल तर बहुधा बोल्टवरील एखादी रिंग कोरडी पडलेली किंवा चिरलेली असते. कोरडी रिंग ग्रीसने सुधारते, चिरलेली सुधारत नाही, उलट जास्त ग्रीस थापल्याने दोष काही काळ झाकला जातो आणि ऐन खेळात उघड होतो. रिंग बदलल्यावर किंवा वंगण केल्यावर क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग अवश्य तपासावा, कारण घर्षण बदलले की वेगही बदलू शकतो; बहुतेक मैदानांवर सेकंदाला ३०० फूट किंवा त्याहून कमी मर्यादा असते.