शाळेतील उरलेल्या अन्नापासून पशुखाद्य : मुलांना नेमके काय शिकवावे?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका)
शाळेच्या स्वयंपाकघरातील साली, देठे आणि ताटांत उरलेले अन्न रोज जवळच्या गोठ्याला द्यावे आणि त्यातून विद्यार्थ्यांना शाश्वततेचा अर्थ उमगावा, असा उपक्रम माझ्या मनात आहे. गोठ्याचे मालक तयार आहेत. मात्र हे सारे सरसकट जनावरांपुढे ठेवणे योग्य आहे का, आणि बादली भरून पाठवण्यापलीकडे मुलांनी यातून काय शिकावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (पशुवैद्यक)
सरसकट मुळीच देऊ नये. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव तंतुमय चाऱ्यावर पोसलेले असतात. शिजवलेले धान्य एकदम जास्त गेले की तिथे लॅक्टिक आम्ल साचते, जनावर चारा सोडते आणि वेळेवर उपचार न झाल्यास दगावतेही. कांदा फार खाण्यात आला तर तांबड्या रक्तपेशी फुटतात. बुरशी लागलेले अन्न उकळले तरी चालत नाही, कारण बुरशी मेली तरी तिने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष बरेचसे टिकून राहते आणि त्याचा अंश दुधात उतरतो.

ताटातले उष्टे आणि मांसाचा अंश असलेले अन्न तर गोठ्याकडे फिरकूही देऊ नका. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताची जी साथ पसरली, तिचा उगम नीट न उकळलेले खरकटे डुकरांना घालण्यात असल्याचे मानले जाते. त्या साथीत ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि खरकटे घालण्यावर तेथे बंदी आली. ही हकीकत मुलांना अवश्य सांगा. उपक्रम सुरू करण्यापूर्वी आपल्या भागातील पशुसंवर्धन विभागाचे नियमही विचारून घ्या.

उत्तर (निवृत्त शिक्षक)
आम्ही आरंभ वजनकाट्यापासून केला होता. स्वयंपाकघरातील न शिजलेल्या साली एका बादलीत, ताटातले उरलेले दुसऱ्या बादलीत, आणि दोन्हींची रोजची नोंद मुलांच्या हस्ताक्षरात फळ्यावर. एकदा दहा किलो साली पातळ पसरून कडक उन्हात वाळवल्या, तर दोन किलोही भरल्या नाहीत. काट्याजवळ उभ्या असलेल्या मुलीने पुन्हा तोलून पाहिले आणि विचारले, ‘बाकीचे कुठे गेले?’ पाण्याचे प्रमाण, पोषणमूल्य आणि ओला कचरा वाहून नेण्यात वाया जाणारे इंधन, हे तिन्ही विषय त्या एका प्रश्नातून उलगडले.

मला स्वतःला दुसरी बादली अधिक महत्त्वाची वाटते. अन्न वाया न घालवणे हे पहिले, उरलेच तर माणसांच्या पोटात जाणे हे दुसरे, आणि जनावरांचा क्रम त्यानंतरचा. गोठ्याची सोय झाली म्हणून मुले निर्धास्तपणे जास्त वाढून घेऊ लागली, तर उपक्रम उलटा शिकवील.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
मनःपूर्वक आभार. पहिले दोन आठवडे केवळ वर्गवारी आणि वजन करू. सुट्टीच्या आदल्या दिवशीच्या साली साठवून ठेवता येतील का?

पशुवैद्यक
ओल्या साली साठवू नका. त्या दिवसभरात आंबू लागतात. त्याच दिवशी गोठ्यात पोहोचत नसतील, तर ताटातल्या उष्ट्यासह खतखड्ड्यात टाका आणि नोंदवहीत तसे स्वतंत्र लिहायला सांगा.