मदत हवी आहे: आयरिश उच्चारांवरच्या लेखाचा दर्जा कसा ठरवू?

पाटीपेन्सिल: आयरिश ध्वनिव्यवस्थेवरचा विश्वकोशीय लेख तपासायचा आहे. उद्या संध्याकाळपर्यंत 'चालेल' की 'परत पाठवा' हे सांगायचंय. वाचायला छान आहे, पण खरा आहे का ते कळत नाही. दर्जा नेमका कशावरून ठरवतात? लवकर सांगा प्लीज.

माजघर: कुठला लेख? इंग्रजी की मराठी? छापील की विकिपीडिया? तुम्हाला आयरिश येतं का? एवढंही न सांगता कोण काय सांगणार?

घाटवाट: आयरिश म्हणजे त्यांची ती गाणं म्हटल्यासारखी इंग्रजीच ना? आमच्या ऑफिसात एक जण होता, सवयीने सगळं समजायचं.

रानजाई: नाही घाटवाट, ती वेगळी भाषा आहे, गेलिक गटातली. मी तीन वर्षं आयर्लंडमधल्या गॉलवेत राहतेय, इथे पाट्यांवर रोज दिसते. पाटीपेन्सिल, लेखात बोलींबद्दल काय लिहिलंय? सगळ्यात आधी तेच बघा. आयरिशला प्रमाण लेखन आहे (1958 साली अधिकृत केलं), पण प्रमाण उच्चार नाही. मन्स्टर, कॉनॉक्ट, अल्स्टर अशा तीन मोठ्या बोली आहेत. 'डोकं' या अर्थाचा एकच शब्द घ्या: मन्स्टरमधे साधारण क्यौन, कॉनॉक्टमधे लांब क्यान, अल्स्टरमधे आखूड क्यन. 'आयरिशमधे असा उच्चार होतो' एवढंच लिहून बोली सांगितली नसेल, तर तो लेख कच्चा समजा.

कोकणसय: आयर्लंडचा विषय निघालाच आहे तर, लिओ वराडकरांचं मूळ गाव आमच्या मालवण तालुक्यातलं वराड. पंतप्रधान झाले तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता! त्यांच्या पदाचं नाव 'ताओइसेच' असं वाचतात, बरोबर आहे का ते?

रानजाई: साधारण 'टीशख'. शेवटचा ख घशातला, घासून काढलेला.

ओसरी: डुओलिंगो या भाषा शिकायच्या अ‍ॅपवर 2014 पासून आयरिश आहे. रोज पंधरा मिनिटं दिलीत तर सहा महिन्यांत कान तयार होतो.

माजघर: ओसरी, त्यांना उद्या संध्याकाळी उत्तर द्यायचंय हो.

पाटीपेन्सिल: सॉरी, घाईत राहून गेलं. मराठीतला कच्चा मसुदा आहे, विकिपीडियावर चढवण्याआधी मला वाचायला दिलाय. मी एमए भाषाशास्त्र करतोय, आयरिश शून्य. 41 तळटीपा आहेत, म्हणजे संदर्भांची बाजू तरी भक्कम ना? उच्चार सगळे देवनागरीत. बोलींचा परिच्छेद शेवटी आहे, चार ओळींचा.

माजघर: 41 काय आणि 4 काय, आकड्यावर जाऊ नका. कुठल्याही पाच टीपा निवडा आणि मूळ पुस्तकात तेच विधान आहे का ते बघा. माझ्या अनुभवात निम्मी कामं इथेच निकालात निघतात.

ओसरी: त्यापेक्षा रेडिओ ना गेल्तख्ता लावा. 1972 पासून चालू आहे, दिवसभर आयरिशच. कानाने ऐका आणि लेखात दुरुस्त करा.

माजघर: अजिबात नको! स्वतःच्या कानाने काढलेला निष्कर्ष विकिपीडियावर चालत नाही, प्रकाशित आधार लागतो. शंका घ्यायला ऐका, लिहायला पुस्तक उघडा.

ओसरी: पण पुस्तकवाल्यांनीही ऐकूनच लिहिलं ना?

माजघर: लिहिलं, आणि कोणत्या गावच्या बोलीबद्दल ते सांगून लिहिलं. फरक तोच आहे.

रानजाई: दोघांनाही +१. आता देवनागरीचं. आयरिशमधे 'बाद' म्हणजे होडी. 'माझी होडी' म्हणताना पहिलं व्यंजन बदलतं: स्पेलिंगमधे बी-एच येतं आणि उच्चार होतो 'मो वाद'. मसुद्यात 'भाद' असेल तर लेखकाने स्पेलिंगवरून अक्षरं बदललीत, उच्चार ऐकलेला नाही. 'आमची होडी'त एम-बी दिसतं, म्हणायचं फक्त 'माद'. दुसरी खूण: व्यंजनं दोन जातींची, रुंद आणि अरुंद. बो म्हणजे गाय, ब्यो म्हणजे जिवंत. फरक ब चाच आहे, अरुंद ब तालव्य, म्हणजे जीभ टाळूकडे उचलून काढलेला. आपल्या चहा आणि चाकातल्या च सारखंच, जोडीतला एक तालव्य. आपण दोन्हींना एकच अक्षर वापरतो, त्यांनी शेजारच्या स्वरावरून ओळखायची सोय केलीय. हे लेखात पहिल्याच पानावर हवं. नसेल तर बाकी कितीही असू दे.

पाटीपेन्सिल: रानजाईताई, 'भाद'च आहे!! दोन जातींबद्दल आहे, पण आठव्या परिच्छेदात.

माजघर: टीपांचं काय झालं?

पाटीपेन्सिल: पाच तपासल्या. तीन बरोबर. एक पानच सापडलं नाही. पाचवी आघाताबद्दल, म्हणजे शब्दात जोर कुठे येतो त्याबद्दल: 'आघात नेहमी पहिल्या अवयवावर' (अवयव म्हणजे शब्दातला उच्चाराचा एक तुकडा) असं मसुद्यात आहे, आधार तोमास द वल्द्राहे यांचा 1945 चा अभ्यास.

रानजाई: तो गॉलवेच्या पश्चिमेकडच्या, कोश अ‍ॅरिगाच्या बोलीचा अभ्यास आहे! तिथे नियम साधारण बसतो. मन्स्टरमधे दुसरा अवयव दीर्घ असला की आघात तिकडे जातो. मुलगी म्हणजे कालीन, तिथे जोर 'ली'वर. आधार खरा, वाक्य चुकीचं. एका भागाचं सगळ्या देशाला लावलंय.

घाटवाट: म्हणजे आमच्या साताऱ्याकडचं बोलणं टिपून 'मराठी अशी बोलतात' म्हटल्यासारखं.

पाटीपेन्सिल: परत पाठवतोय. कारणं तीन लिहिलीत: बोलींचा परिच्छेद वर आणा आणि प्रत्येक विधानाला बोली जोडा, बदललेल्या व्यंजनांचे उच्चार पुन्हा लिहा, आघाताचं वाक्य सुधारा. एक अडलंय. निळ्या रंगाला गोर्म, पण बोलताना र आणि म च्या मधे हलका अ येतो म्हणे. देवनागरीत 'गोरम' लिहिलं तर तो अ मूळचाच वाटेल, नाही का?

रानजाई: वाटेल. शेजारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी द्यायला सांगा, देवनागरी फक्त कंसात.