सेफ पण रोज वापरता येईल अशी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) कोणती?

निळीशाई
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या लॅपटॉपला टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटी चिप) नाही, म्हणजे ११ ऑफिशियली नाहीच. काम साधंच, बँकिंग, मेल, फोटो, थोडं लिखाण. क्युब्ज या सिक्युरिटीवर भर देणाऱ्या ओएसबद्दल वाचलं, भारी वाटलं. पण रोज झेपेल का? रॅम ८ जीबी. की सरळ मिंट, म्हणजे सोपी लिनक्स, टाकू?

धूळपाटी
क्युब्ज एक नंबर आहे हो, बँकेचं व्हीएम (कॉम्प्युटरच्या आत चालणारा वेगळा, बंदिस्त कॉम्प्युटर) वेगळं, मेलचं वेगळं, अनोळखी पीडीएफ डिस्पोजेबल व्हीएममध्ये उघडायची, बंद केलं की सगळं साफ. पण १६ जीबी रॅम तेच रेकमेंड करतात, ८ मध्ये जीव जाईल मशीनचा. शिवाय एका व्हीएममधून दुसऱ्यात कॉपी-पेस्ट करायलाही वेगळे शॉर्टकट, मग माणूस वैतागतो आणि सगळं एकाच व्हीएममध्ये उरकायला लागतो, तिथेच सगळा फायदा संपला. जिवावर बेतेल असं काम नसेल तर नको.

खिडकीबाहेर
मी फेडोरा म्हणेन, तीही लिनक्सच. सेलिनक्स (कुठल्या प्रोग्रामला काय करता येईल यावर बंधन घालणारी यंत्रणा) पहिल्यापासून चालू असतं आणि स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था, वेलँड, डिफॉल्ट. मिंटचं सिनॅमन (त्याचा डेस्कटॉप) अजून डिफॉल्टला एक्स११ या जुन्या व्यवस्थेवर चालतं, आणि एक्स११ मध्ये कुठलंही ॲप दुसऱ्या ॲपमध्ये दाबलेली बटणं वाचू शकतं. खोटं वाटत असेल तर मिंटवर टर्मिनलमध्ये एक्सइनपुट (xinput) ही कमांड टेस्ट मोडमध्ये चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड टाका, रूट (ॲडमिन) हक्क नसतानाही एकेका बटणाचा कोड धडाधड खाली येताना दिसेल. बँकिंग करणाऱ्याला हे चालणार आहे का?

धूळपाटी
मुद्दा बरोबर, पण फेडोराची एक आवृत्ती साधारण १३ महिनेच चालते. अपग्रेडला टाळाटाळ करणाऱ्याने उबुंटू एलटीएस (आणखी एक लिनक्स, तिची दीर्घ सपोर्टवाली आवृत्ती) घ्यावी, ५ वर्षं अपडेट आणि वेलँडही आहे. अपडेट न केलेली फेडोरा त्यापेक्षा वाईटच.

निळीशाई
अपग्रेड करेन, त्याचं काही नाही. मग फेडोराच. इन्स्टॉल करताना काय बघू?

खिडकीबाहेर
डिस्क एन्क्रिप्शनवर (पासफ्रेजशिवाय डिस्क वाचता येत नाही) तेव्हाच टिक करा, नंतर करायचं म्हणजे बहुतेक पुन्हा इन्स्टॉलच, आणि पासफ्रेज विसरलात तर फोटो गेले म्हणून समजा, बॅकअप आधी. लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून) वायफाय आणि स्लीप नीट चालतंय ना बघा. आयएसओची (डाउनलोड केलेल्या इन्स्टॉल फाइलची) डिजिटल सही पडताळाच, नुसता चेकसम (फाइल जुळते का बघायचा आकडा) नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइट हॅक करून बॅकडोअरवाल्या (चोरवाट लपवलेल्या) आयएसओची लिंक लावली होती, आणि साइटच ज्याच्या हातात तो शेजारचा चेकसमही बदलू शकतो.