मदत हवी आहे: स्पिरिट्सच्या मागणीचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार मंडळी. एमबीएच्या प्रोजेक्टसाठी व्हिस्की, जिन, टकीला वगैरे डिस्टिल्ड स्पिरिट्सच्या मागणीचा अभ्यास करते आहे आणि एका जागी पुरती अडकले आहे.

ग्राहकाची आवड दोन-तीन वर्षांत पालटते, पण माल तितक्या लवकर तयार होत नाही. स्कॉच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरवावीच लागते. टकीलासाठी लागणारं निळं अगावे (कोरफडीसारखी दिसणारी मेक्सिकन वनस्पती) पक्व व्हायला साधारण 6-7 वर्षं जातात. म्हणजे आज घातलेलं पीप उद्याच्या कुठल्या ग्राहकासाठी, हे आजच ठरवायचं! जिन आणि व्होडकाला ही अडचण नाही, म्हणून ते मी बाजूला ठेवलंय.

अमेरिकेत 2022 मध्ये टकीला आणि मेस्काल (अगावेपासूनच बनणारं दुसरं मद्य) यांनी मिळून उलाढालीत अमेरिकन व्हिस्कीला मागे टाकलं. पण यात लोक खरंच जास्त पिऊ लागले किती आणि 'कमी प्या, पण चांगली प्या' म्हणत महाग बाटलीकडे वळले किती, हे वेगळं काढता येत नाहीये. माझ्या मते नुसती उलाढाल बघणं फसवं आहे. लिटरचे आकडे सोबत हवेतच. त्यात कॅनमधली तयार कॉकटेल्स स्पिरिट्समध्ये धरायची की वेगळी?

शिवाय तरुणांचं कमी पिणं हा टिकणारा बदल आहे की महागाईमुळे आखडलेला हात, हे तपासायची पद्धत कुणाला माहीत आहे का? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.