लेकराचा स्वभाव पहिल्यांदा कधी दिसला?

येवलेकरीण
आज गच्चीवर कपडे वाळत घालताना समोरच्या तारेवर मांजात अडकलेला बगळा दिसला आणि आमच्या धाकट्याचं लहानपण आठवलं, म्हणून लिहितेय.

तेव्हा तो पाच वर्षांचा. येवल्याची संक्रांत ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. भोगी, संक्रांत, कर, तिन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर. थोरला हातातली मांजाची आसारी सोडायला तयार नसायचा आणि हे लेकरू कठड्याशी बसून खाली रस्त्यावर पडलेला मांजा बघत राहायचं. कर संपली, लोक खाली उतरले की याचं काम सुरू. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर तुटका मांजा गुंडाळायचा. बोटं कापू नयेत म्हणून मी भांडी घासायचे रबरी हातमोजे दिले, ते त्याला पार कोपरापर्यंत यायचे. गुंडी झाली की कात्रीनं मधोमध कापायचा. का रे? तर म्हणे, "अख्खा ठेवला तर दादा परत उडवंल. मग चिमणी अडकंल."

कुणी शिकवलं नव्हतं हो. नायलॉन मांजावर देशभर बंदी आली २०१७ला, ती पुढची गोष्ट. हा तर सुतीसुद्धा सोडायचा नाही. पोरं हसायची, पण हा चिडला नाही की भांडला नाही, हातातलं काम चालूच. आता बारावीला आहे. तोच मुकाट चिवटपणा. मला फार अभिमान आहे त्याचा. तुमच्या पिल्लांचं सांगा.

लातूरची लेक
२०१६. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते साल. पोरगी चार वर्षांची. टँकर आला की आम्ही घागरी घेऊन पळायचो, ती स्टीलचा पेला घेऊन. नळी या घागरीतून त्या घागरीत नेताना सांडायचं ना, बरोबर तिथं पेला धरायची. भरला की तुळशीला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आण गं इकडं, हात धुते." तर म्हणाली, "तुम्हाला मागता येतं, तुळशीला कुठं येतंय?" काकू आजही सगळ्यांना सांगतात.

तीन नंबरची गल्ली
आमचा तीन वर्षांचा. घरात तहसीलदार आल्यासारखं वाटतं 😀 चपला रांगेत नसतील तर आजोबांनासुद्धा परत पाठवतो. आणि आजोबा जातात!! बाकी संध्याकाळी लिहिते, दूध उतू चाललंय

कृष्णाकाठ
लातूरच्या ताई, आमच्याकडं उलटं. २०१९चा ऑगस्ट, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं. आम्हाला शाळेत हलवलं होतं. माझा मुलगा पहिलीतला, अतिशय भिडस्त, पाहुणे आले की दाराआड. त्या वर्गात एक अनोळखी आजी होत्या, म्हशी गोठ्यातच राहिल्या म्हणून रात्रभर रडायच्या. आम्ही मोठी माणसं "होईल सगळं ठीक" म्हणत होतो. हा उठला, जाऊन त्यांच्याजवळ बसला. बोलला काहीच नाही. त्यांचा पदर मुठीत धरून तिथंच झोपला. सकाळी आजींनी चहाबरोबरची बिस्किटं त्याच्यासाठी राखून ठेवलेली. "पोरगं बोलत नाही" म्हणून नावं ठेवणाऱ्या नातेवाइकांना मी तेव्हापासून उत्तरच देत नाही. माझं पोर काय आहे ते मी बघितलंय.

लातूरची लेक
रडवलंत दादा. म्हशी सापडल्या का हो आजींच्या?

कृष्णाकाठ
दोन सापडल्या. गावातल्या पोरांनी दावी कापून सोडल्या होत्या, पोहत उंचावर गेल्या.

रानवाटा
ते सगळं छान, पण बगळ्याचं काय झालं?? वनखात्याच्या १९२६ला फोन करा. आणि कुणीही मांजा ओढू नका, पंखात आणखी रुततो. दोन्ही बाजूंनी कापायचा, पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं.

येवलेकरीण
अहो उतरवला. अग्निशमनवाले आले शिडी घेऊन. पंखाला जखम आहे, वनखात्याची माणसं घेऊन गेली. खालून दोरी कुणी धरली असेल सांगा? धाकट्यानंच!

रानवाटा
शाब्बास पठ्ठ्या!

कुकरची शिट्टी
काल लेकीचं बोरन्हाण झालं, दुसरं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, सगळी पोरं तुटून पडली. ही हलव्याचा मुकुट सावरत उठली आणि ओचा पुढं करून गोळा करायला लागली. मला वाटलं खाणार. तर दारात उभ्या असलेल्या, कामवाल्या ताईंच्या नातवाच्या पुढ्यात सगळं ओतलं, "घे, तुला" म्हणाली. बोलायला आत्ता कुठं लागलीय हो. तिचे बाबा आत जाऊन डोळे पुसून आले.

तीन नंबरची गल्ली
किती गोड!! दृष्ट काढा तिची. हलव्याचे दागिने विकतचे का? आमच्याकडं रथसप्तमीच्या आत करायचंय

कुकरची शिट्टी
सासूबाईंनी घरी केले. पहाटेच्या थंडीत परात निखाऱ्यावर, पाक चमचाचमचा घालायचा. उन्हं वर आली की काटा नीट येत नाही म्हणतात. उद्या विचारून सगळं लिहिते.