मदत हवी आहे: ऑनलाइन कादंबरी छापताना ई-बुकचे हक्क कसे राखायचे?

ठाणे खाडीवर बेतलेली माझी कादंबरी प्रतिलिपी या ऑनलाइन वाचन-लेखन मंचावर क्रमशः पूर्ण झाली आहे, मोफत वाचता येते. आता एक प्रकाशक ती छापायला तयार आहेत. पैसे मागत नाहीत, रॉयल्टी देणार आहेत. पण करारात मुद्रित, ई-बुक, ऑडिओ असे सगळे हक्क एकाच वाक्यात मागितलेत, मुदत लिहिलेली नाही, आणि ऑनलाइन भाग काढायला सांगतात.

कॉपीराइट कायदा, १९५७ चं हक्क लिहून देण्याबद्दलचं कलम १९ वाचलं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. तरी ती लेखीच हवी, असं माझं ठाम मत आहे. किंडलच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत पुस्तक घातलेलं नाही, त्यामुळे ९० दिवस ई-बुक फक्त किंडलवरच ठेवण्याच्या तिथल्या अटीचा प्रश्न नाही. स्वखर्चाने छापायचं नाही. वितरण मला जमणार नाही.

भाग काढायचं जिवावर येतंय. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी प्रतिक्रियेत जाळ्याचं नाव दुरुस्त करून दिलं होतं, तेही जाईल.

ज्यांची ऑनलाइन कादंबरी नंतर छापून आली, त्यांना सुरुवातीचे काही भाग तसेच ठेवता आले का? आणि ई-बुक, ऑडिओचे हक्क स्वतःकडे राखणारं कलम करारात नेमक्या कोणत्या शब्दांत घातलंत?