रिपोर्टमध्ये पीसीओडी आहे, पण ओटीपोट का दुखतंय? तुमचे अनुभव लिहा

वय ३४, राहायला जुळे सोलापूर. अकरा वर्षं माझं ओटीपोट दुखत होतं आणि प्रत्येक सोनोग्राफीत तीच ओळ यायची, दोन्ही बाजूंना पीसीओ, म्हणजे दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक 'गाठी'. त्यालाच सगळे पीसीओडी म्हणतात. त्या ओळीपुढे कुणी गेलंच नाही. पुरळ का येतं, पीसीओडी. पाळी का चुकते, पीसीओडी. दुखतं का, तर पीसीओडीच. वजन कमी करा. मी ९ किलो कमी केलं, पाळी महिन्याला यायला लागली, चेहरा साफ झाला. दुखणं मात्र तिथेच, उलट आता दर महिन्याला नेमानं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे दुखणं त्याचं नाहीच.

मग कालनिर्णयवर खुणा करायला लागले. पाळीला लाल, दुखण्याला निळी, आणि निळीशेजारी दहापैकी किती ते. सहा महिन्यांनी ती सहा पानं एका नव्या डॉक्टर मॅडमपुढे ठेवली. निळ्या खुणा लालच्या दोन दिवस आधीच सुरू होत होत्या. मॅडमनी विचारलं, "पाळीत शौचाला बसताना दुखतं का? संबंधाच्या वेळी?" अकरा वर्षांत हे दोन प्रश्न कुणी विचारले नव्हते. मला तिथेच रडू आलं.

दुर्बिणीतून बघितल्यावर एंडोमेट्रिओसिस निघालं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा पेशीसमूह बाहेर, माझ्या बाबतीत गर्भाशयाच्या मागच्या बाजूला चिकटलेला. साध्या सोनोग्राफीत हे कित्येकदा दिसत नाही. मॅडमनी आणखी एक गोष्ट समजावली, ती मला कुणीतरी पहिल्याच वर्षी सांगायला हवी होती. पीसीओडीतल्या ज्यांना आपण गाठी म्हणतो त्या गाठी नसतातच. वाढ अर्धवट थांबलेल्या बीजांच्या २ ते ९ मिलिमीटरच्या पिशव्या असतात, आणि त्या सहसा दुखत नाहीत. एकाच बाईला दोन्ही आजार असू शकतात. पहिला सापडला की दुसऱ्याचा शोध थांबतो, माझं तेच झालं.

आता डायनोजेस्ट ही एंडोमेट्रिओसिसवरची हार्मोनची गोळी चालू आहे. दुखणं शून्यावर आलेलं नाही. पण गेल्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, होम मैदानावर दोन तास भाचीचा हात धरून फिरले. त्याच्या आदल्या वर्षी गाडी लावली तिथूनच परत आले होते.

तुमचं काय झालं ते लिहा. उत्तर सापडलं नसेल तरी लिहा. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं तेवढी नकोत.

विजापूर रोड, बँकेत नोकरी
माझ्या दुखण्याचा पाळीशी संबंध नाही. बसलं की वाढतं, मार्चअखेरीला तर काउंटरवरून उठवत नाही. मलाही पीसीओडी. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून तीनदा अँटिबायोटिक झाली, लघवीचा कल्चर रिपोर्ट तिन्ही वेळा स्वच्छ. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी तपासून सांगितलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले आहेत. मी मोबाईलवर बघून रोज ते आवळायचेच व्यायाम करत होते, त्यानं आणखी बिघडलं. आता श्वासाबरोबर सैल सोडायला शिकतेय. चार महिने झाले, निम्म्यानं कमी आहे. तपासल्याशिवाय व्यायाम सुरू करू नका, एवढंच कळकळीनं सांगते.

अक्कलकोट रोड
बायकोबद्दल लिहितोय, तिला विचारून. कुठेही गेलो की आधी "मूल किती वर्षं नाही?" हाच प्रश्न. दुखणं ती दुसऱ्या वाक्यात सांगायची, ते कुणी लिहून घ्यायचं नाही. पीसीओडीच्या गोळ्या तीन वर्षं घेतल्या. मग एकानं गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आणि टीबी निघाला. खोकला नाही, ताप नाही. सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या मिळाल्या, पैसे पडले नाहीत. आईला टीबी हा शब्द सांगायला आम्हाला आठ दिवस लागले. तिनं ऐकलं आणि त्या दिवसापासून रोज सकाळी गोळीची वेळ तीच सांगायची. दुखणं गेलं. मुलाचं अजून बघतोय.

सिस्टर, वॉर्ड ड्युटी
एकच लिहिते. रोजचं दुखणं वेगळं. अचानक एका बाजूला जीवघेणी कळ, उलट्या, घाम, चक्कर असं झालं तर रात्री दोन वाजता असलं तरी निघा. अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो किंवा गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. पाळी अनियमित असणाऱ्या मुली "माझी पाळी अशीच चुकते" म्हणून अंगावर काढतात.

हॉस्टेल, वय २१
मला अजून कारण कळलेलं नाही. पाळी बंद ठेवायच्या गोळ्या दिल्यात, बरं वाटतंय. आई म्हणते लग्नाआधी असल्या गोळ्या नकोत, पुढे मूल होणार नाही. डॉक्टरांना फोनवर आईशी बोलायला लावलं. गोळ्या थांबवल्या की पाळी परत येते, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ती जरा निवळली.

कुंभारी
आईसाठी लिहितेय. वय ४१, पंचवीस वर्षं विड्या वळतेय. मांडीवर सूप घेऊन सकाळी बसली की हजार विड्या होईपर्यंत उठायचं नाही. तिलाही पीसीओडी लिहून दिलंय, अंगावरून खूप जातं, आणि आता गर्भाशयाची पिशवी काढून टाका म्हणतात. वरचं सगळं वाचून मी विचारलं, कशासाठी काढायची, दुखतंय कशानं? उत्तर मिळालं नाही. म्हणून दुसऱ्या ठिकाणी दाखवायचं ठरवलंय.

आमच्या घरी तेलुगू. मराठीत आईला "दुखतंय" एवढंच सांगता येतं. तेलुगूत ती मंटा म्हणते ती जळजळ, पोटू म्हणते ती सुई घातल्यासारखी कळ. डॉक्टरांपुढे हे दोन्ही एकच होऊन जातात, म्हणून या वेळी मी आत जाणार आहे. तिला लिहिता येत नाही. दुखलं त्या दिवशी विडीचा दोरा कॅलेंडरच्या खिळ्याला बांधते, पोटू असेल तर दोन गाठी. काल मोजले, या महिन्यात सतरा झालेत, त्यातले नऊ दोन गाठींचे. गुरुवारचा नंबर लावलाय. दोऱ्यांसकट कॅलेंडर काढून नेणार आहे.